शर्यतीचे ब्रेक, अक्कलकोटचा रस्ता

मैंदर्गीहून रोज अक्कलकोटला कामाला जायची आणि कधीतरी कोइमतूरच्या कारी ट्रॅकवरही पळवायची, म्हणून दीडशे सीसीच्या पहिल्याच गाडीला शर्यतीचे ब्रेक पॅड बसवणे मला चुकीचे वाटते. हे पॅड तापल्यावरच नीट धरतात. ट्रॅकवर ते लगेच तापतात. सकाळच्या गारव्यात थंडच राहतात. नेमका तेव्हा उसाचा ट्रॅक्टर आडवा आला तर? त्यात वेग दुप्पट झाला, की ब्रेक दाबल्यावर थांबायला चौपट अंतर लागते. शर्यतीच्या टायरचेही तेच. (कर्कश सायलेन्सरचे विचारूच नका, त्याला कलम 190 खाली दंड आहे.) पैसा घालायचाच तर रस्त्याचे उत्तम टायर आणि आयएसआय हेल्मेट घ्या. शर्यतीचे पॅड ट्रॅकवर पोहोचल्यावर बसवा, परतताना काढा.