मुअज्जल, पण कोणता?

शव्वालचा चाँद दिसला की आमच्या कर्जत-खालापूरकडे लग्नांची धांदल सुरू होते. नेरळला सकाळी निकाह, संध्याकाळी खोपोलीला वलीमा, अशी आमंत्रणे एकाच दिवशी येतात. हॉल, बिर्याणीच्या देगा, मेंदीवाली, व्हिडिओवाला, सारे महिनाभर आधी ठरलेले असते. मेहर मात्र कित्येक ठिकाणी काझीसाहेब रजिस्टर उघडून विचारतात तेव्हाच ठरते. मागून कोणीतरी म्हणतो, "लिहा हो, सगळ्यांचं लिहिता तेवढंच लिहा," आणि तेवढेच लिहिले जाते.

गेल्या महिन्यात आमच्या एका जुन्या विद्यार्थिनीची आई घरी आली. प्लास्टिकच्या पिशवीत घडी झिजलेला निकाहनामा होता. शोहर वारून इद्दत नुकतीच संपलेली. म्हणाली, "बाई, तुम्हाला उर्दू येतं. एवढं वाचून द्या. दीर म्हणतात, मेहर तेव्हाच दिलेलं होतं. मला तर कधी मिळाल्याचं आठवत नाही."

तेवीस वर्षे तो कागद तिच्या पेटीत होता. त्यावर तिची सही आहे, आणि ती मराठीत आहे. आमच्या भागातल्या कितीतरी मुली मराठी शाळेत शिकतात. कुरआन शरीफ पढतात, पण उर्दूचे घसटते अक्षर त्यांना लागत नाही. आपल्या आयुष्यातला सर्वांत मोठा कागद त्या न वाचता सही करतात.

आम्ही चष्मा लावून पाहिले. रक्कम स्पष्ट होती. पुढे एकच शब्द होता: मुअज्जल. इथेच खरी मेख आहे. उर्दूत हे दोन शब्द आहेत. एकात ऐन आहे, त्याचा अर्थ ताबडतोब द्यायचे मेहर. दुसऱ्यात वाव आणि त्यावर हमजा, त्याचा अर्थ पुढे द्यायचे, बाकी राहिलेले मेहर. अर्थ अगदी उलटे, आणि आपल्या जिभेवर उच्चार एकच. देवनागरीत लिहिले तर दोन्ही अक्षरश: सारखेच दिसतात. हल्ली काही ठिकाणी निकाहनाम्याचे फॉर्म मराठीतही छापतात, चांगलेच आहे; पण त्यात नुसते 'मुअज्जल' छापले, तर उद्या मोठा आलिमही त्यावरून काही सांगू शकणार नाही.

तिच्या कागदावर वाव होता. म्हणजे मेहर बाकी होते.

मेहर हे शोहरवरचे कर्ज आहे. तो वारला तर वारसांत वाटणी होण्याआधी इतर कर्जांसारखे तेही फेडायचे असते. सूरह निसामध्ये बायकांना त्यांचे मेहर खुशीने द्या असा हुकूम आहे, आणि त्यांनी आपल्या मर्जीने त्यातले काही सोडले तर गोष्ट वेगळी. मर्जीने! आपल्याकडे काय होते ते सगळ्यांना ठाऊक आहे. अंगणात जनाजा ठेवलेला असतो आणि चार बाया त्या रडणाऱ्या बाईला धरून सांगतात, "मेहर माफ केलं म्हण." त्या क्षणी ती काय म्हणणार? या बाईनेही म्हटले असेल का, असे आम्ही विचारले. ती म्हणाली, "मला शुद्धच नव्हती हो."

लग्नाचा कागद दुसरीकडे कसा होतो, हे मध्यंतरी आम्ही कुतूहलाने वाचत होतो. फ्रान्सची रीत मोठी मजेची वाटली. 19 व्या शतकात तिथल्या खात्यापित्या घरांत लग्नाआधी नोटरी घरी येई, दोन्हीकडची मंडळी बसत आणि तो करार मोठ्याने वाचून दाखवी, मग सह्या. नवऱ्याकडून वधूला भेटींची टोपली जाई, थेट आपल्या बरीसारखी, आणि तीत काश्मिरी शाल असणे मोठ्या मानाचे. पण त्या करारात मोठा आकडा असे तो मुलीच्या बापाने द्यायच्या हुंड्याचा. नेपोलियनच्या 1804 च्या कायद्यात तर बायकोने नवऱ्याची आज्ञा पाळावी असे कलमच होते, आणि नवऱ्याच्या संमतीशिवाय नोकरी करायला, स्वत:चे बँक खाते उघडायला तिथल्या विवाहितेला 1965 साल उजाडावे लागले. आपल्याकडे मेहर पहिल्या दिवसापासून बाईच्या मालकीचे. हे वाचून आमची मान ताठ झाली, आणि मग ती प्लास्टिकची पिशवी आठवली.

आजही तिथे कायद्याचे लग्न नगरपालिकेतच होते. दहा दिवस आधी नोटीस लावतात, लग्नाच्या वेळी दालनाचे दार उघडे ठेवतात आणि महापौर किंवा त्यांचे सहायक नवरा-बायकोच्या कर्तव्यांची कलमे दोघांसमोर वाचून दाखवतात. चर्चमधला विधी त्यानंतर. लग्नच न करता राहणारेही तिथे पुष्कळ. ते आपल्याला पटणारे नाही. पण सहीआधी कागद वाचणे यात कोणाचे काय बिघडते?

आपल्याकडे त्याला जागाही आहे. वकील आणि दोन गवाह मुलीच्या खोलीत इजाजत घ्यायला जातात. आत बायांचा कलकलाट, कोणी पदर सारखा करतेय, कोणी मोबाइल धरून उभी. मुलगी मान हलवते, पेन हातात येते. वडिलांनी मर्जीविरुद्ध लावलेला हजरत खन्सा (रजि.) यांचा निकाह पैगंबर (स.) यांनी रद्द ठरवला होता. इतके ज्या होकाराला महत्त्व, तो घेताना दोन मिनिटे बायांना गप्प बसवून रक्कम किती, आज किती, बाकी किती, हे मुलीला कळेल अशा भाषेत वाचता येणार नाही?

त्या बाईने निकाहनाम्याच्या दोन झेरॉक्स काढल्या. एक दिराला आणि एक जमातीच्या सदरांना देणार आहे. निघताना दारात थांबली. धाकटीची मंगनी पुढच्या इतवारी आहे. "बाई, तिच्या मेहरचं तुम्ही मराठीत लिहून द्याल? मी काझीसाहेबांना तसंच उतरवून घ्यायला सांगते."

आम्ही वहीचा कागद फाडून लिहिले: रोख, निकाहच्या वेळी. त्याखाली: बाकी, पत्नी मागेल तेव्हा. आकड्यांची जागा मोकळी सोडली. ते मुलीला विचारून भरायचे आहेत.