सोला, पण सगळंच नको. आणि जाळू तर नकाच!

गावच्या घराचं वायरिंग बदललं की वायरमन जुन्या वायरींचा ढीग पडवीत टाकून जातो आणि वाडीतले समस्त अर्थतज्ज्ञ जागे होतात. "सोलून ईक रे, डबल पैसे गावतले!" मालवण ते वेंगुर्ला, हा सल्ला कुठेही फुकट मिळतो. पुण्या-मुंबईत एसीत बसलेले आपणही फोनवरून तोच देतो. माझ्या मते तो अर्धा चुकीचा आहे आणि उरलेला अर्धा दुसऱ्या कुणाच्या तरी फुफ्फुसांवर चालतो.

मुळात ते तांबं आहे का, हे बघा की राव! जुन्या घरांत लाकडी पट्टीवरच्या वायरीत बऱ्याचदा ॲल्युमिनियम निघतं. स्वस्तातल्या लॅन केबलमध्ये तर ॲल्युमिनियमवर तांब्याचा नुसता मुलामा असतो. ब्लेडने टोक खरवडा, आत पांढरं दिसलं तर विषय संपला. (मे २०२१ च्या तौक्ते वादळात पडलेल्या तारांकडे आशेने बघणाऱ्यांसाठी: खांबावरच्या तारा बहुतेक ॲल्युमिनियमच्या असतात, आणि शिवाय त्या आपल्या नसतात.)

आता तांबं आहे असं धरू. सोलायची मेहनत मीटरवर मोजली जाते आणि पैसे मिळतात ग्रॅमवर. सगळी गोम इथेच आहे. पंपाच्या किंवा गिझरच्या चार स्क्वेअर एमएम वायरीत मीटरमागे सुमारे ३६ ग्रॅम तांबं असतं, प्लगच्या अडीचमध्ये २२, दिव्याच्या एकमध्ये ९. लॅन केबलच्या आतली एकेक तार घेतलीत तर दोन ग्रॅमसुद्धा नाही. ब्लेड मात्र तेवढंच फिरवायचं! म्हणजे तेवढ्याच कामात वीसपट फरक. चार आणि अडीच खुशाल सोला. एकच्या खाली गेलात की तासाचा हिशेब लावून बघा, रोजगार हमीसुद्धा परवडेल. चार्जर, इअरफोन, लॅन वगैरे न सोलता तशीच द्या.

पण बारीक वायरीला भंगारवाला भाव देतो किरकोळ, आणि उघड्या तांब्याला देतो भरपूर. मग ज्याला तो फरक हवा आहे पण तासन्‌तास ब्लेड चालवणं परवडत नाही, तो काय करतो? संध्याकाळी सड्यावर जाऊन ढीग पेटवतो. जाळायला मजुरी शून्य.

यावर ठरलेलं उत्तर येतं, "आमच्याकडे भाजावळ करतात, होळी पेटते, चार वायरींनी काय होतंय?" अहो, पालापाचोळ्यात एवढं क्लोरीन नसतं! पीव्हीसी रेझिनच्या वजनात निम्म्याहून जास्त क्लोरीनच असतं. जळताना हायड्रोक्लोरिक ॲसिडची वाफ येते, डायॉक्सिन तयार होतात, आणि ती तयार व्हायला तांबंच उत्प्रेरक म्हणून मदत करतं. जुन्या वायरींच्या पीव्हीसीत शिसंही असायचं, ते राखेत राहतं. मग आपला तो कोकणातला पाऊस. सड्यावरची राख उतरून कुठे जाते, हे विहिरीचं पाणी पिणाऱ्याला सांगायला नको.

कायदा आहे हो. हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळायला देशभर बंदी घातली, साधा दंड ५,००० रुपये. पण दंड भरणार कोण, तर जो काडी लावतो तो. काळं पडलेलं तांबं काट्यावर निमूट घेणारा मोकळाच. माझा राग त्याच्यावर आहे. जळकं तांबं दिसताच ओळखू येतं, तरी तो घेतो, थोडा भाव पाडून. ते घेणं बंद झालं आणि बारीक वायरीला आतल्या तांब्याच्या हिशेबाने भाव मिळाला, तर कोण कशाला धुरात उभा राहील? वायर बारीक कातरून तांबं आणि प्लास्टिक वेगळं करणारी यंत्रं आहेत, ती काय सायन्स फिक्शन नाहीत. पण त्यांच्यापर्यंत माल न जळता पोचायला तर हवा.

चतुर्थीला गावी जाल तेव्हा पडवीतला ढीग बघा. जाड वायर वेगळी काढा, बारीक तशीच ठेवा, आणि तराजू लावायच्या आधी भंगारवाल्याला विचारा, "जळलेला घेतंस काय रे?" हो म्हणाला तर ढीग परत आत.