सासूबाईंना टीव्ही निळा दिसतो

‘‘अगं, ही मालिकेतली मुलगी आजारी आहे का? चेहरा बघ कसा निळसर पडलाय!’’ सासूबाईंनी तिसऱ्यांदा विचारलं आणि घरात सगळे हसले. दिवाळीत आमच्याकडे मोठा टीव्ही आला आणि संक्रांतीनंतर सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली. त्यामुळे दोष डोळ्यांचाच, हे सगळ्यांनी ठरवूनच टाकलं. ‘‘आई, नवीन भिंग आहे, थोडे दिवस असंच दिसणार,’’ असं सांगून हे पेपरात तोंड खुपसून बसले.

पुढच्या तपासणीला मी डॉक्टरांना मुद्दाम विचारलं. ते म्हणाले, ‘‘डोळा उत्तम आहे. वयाप्रमाणे आपलं मूळचं भिंग पिवळट होत जातं आणि निळा रंग अडवतं. ते काढून स्वच्छ भिंग बसवलं की निळा रंग पुन्हा दिसायला लागतो. आजी, बाकी सगळं कसं दिसतं?’’ सासूबाई म्हणाल्या, ‘‘भाजी, फुलं, साड्या सगळं छान दिसतं. टीव्ही तेवढा निळा दिसतो.’’

घरी आल्यावर भर दुपारी टीव्ही लावला. जाहिरातीत पांढरी पार्श्वभूमी आली तशी एक कोरा कागद पडद्याशेजारी धरला. कागद पांढरा आणि पडदा चक्क निळसर! म्हणजे आम्हा चौघांना त्या निळाईची सवय झाली होती आणि जिला आम्ही हसत होतो ती बाईच बरोबर बघत होती. मला फार ओशाळल्यासारखं झालं.

बंगळुरूला असलेल्या मुलाला फोन केला. तो म्हणाला, ‘‘आई, प्रोफेशनल कॅलिब्रेशन करून घे. माणूस घरी येतो, यंत्र लावून रंग बरोबर करून देतो.’’ आमच्या सांगलीत असा माणूस मिळेना. पुण्यातल्या एकाला फोन केला. त्याने सांगितलेली रक्कम टीव्हीच्या किमतीच्या पाव हिश्श्याहून जास्त, वर येण्याजाण्याचा खर्च वेगळा. हे ऐकून यांनी दुसरं टोक गाठलं, ‘‘काही नको. आहे ते ठीक आहे. आणि तूही मेनूला हात लावू नकोस, बिघडेल.’’

मी कला शाखेची पदवीधर. विज्ञानाशी संबंध दहावीला सुटला. पण आपल्या घरातल्या वस्तूला हात लावायचा नाही, हे काही पटेना. मग दोन-तीन दिवस बसून वाचलं, मुलाला पुन्हा पुन्हा विचारून भंडावलं आणि मगच माझं मत बनवलं.

आधी त्या व्यावसायिकाची बाजू. तो काही लोकांना गंडवत नाही. त्याच्याकडे रंग मोजायचं यंत्र असतं. ते पडद्यासमोर लावून तो ठरावीक राखाडी आणि रंगीत पट्ट्या दाखवतो. पडद्यावर काय उमटायला हवं आणि काय उमटतंय, यातला फरक आकड्यांत बघून आतल्या सेटिंग्ज बदलतो. चित्रपट आणि मालिका तयार करणारे ज्या पडद्यावर रंग ठरवतात, त्यांच्या पांढऱ्या रंगाचं एक प्रमाण आहे. दिवसाच्या उजेडाच्या जवळचं, साधारण 6500 केल्विन. आपला टीव्ही त्या प्रमाणाला आणायचा, म्हणजे कॅलिब्रेशन. अमेरिकेत 1994 मध्ये इमेजिंग सायन्स फाउंडेशन ही संस्था निघाली. तेव्हापासून याचं रीतसर प्रशिक्षण दिलं जातं.

हे काम नुसत्या डोळ्यांनी का होत नाही, तर डोळ्यांना कशाचीही सवय होते म्हणून. आमच्याच घरात नाही का झाली! ज्यांच्याकडे अंधारी खोली करून प्रोजेक्टर लावलाय, भारी किमतीचा टीव्ही आहे किंवा जे फोटो आणि व्हिडिओच्या रंगांचं काम करून पोट भरतात, त्यांनी यंत्रवाला जरूर बोलवावा. सोनं तोलायला भाजीवालीचा तराजू चालत नाही.

पण भाजी तोलायला सोनाराचा काटाही लागत नाही. आपल्या बैठकीच्या खोलीत दुपारी ऊन येतं, रात्री ट्यूबलाइट असते, निम्मा वेळ बातम्या आणि मालिका चालतात. यंत्राने साधलेला शेवटचा बारीक फरक तिथे कुणाला दिसणार? मोठा दोष असतो तो वेगळाच आणि तो घरबसल्या, फुकटात जातो.

हा दोष म्हणजे दुकान. दुकानात पन्नास टीव्ही एका भिंतीवर, झगमगीत दिव्यांखाली लावलेले असतात. जो जास्त भडक तो गिऱ्हाइकाला खेचतो. म्हणून ‘व्हिव्हिड’ किंवा ‘डायनॅमिक’ असा भडक मोड दिलेला असतो. लग्नाच्या हॉलमधला मेकअप घरी आल्यावर आपण उतरवतो. टीव्हीचा मात्र तसाच राहून जातो!

मी काय केलं ते सांगते. आधी मेनूतल्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढला, म्हणजे चुकलं तर मागे येता येतं. मग पिक्चर मोड ‘सिनेमा’वर नेला. काही टीव्हींवर त्याला ‘मूव्ही’ म्हणतात. 2019 मध्ये जाहीर झालेला ‘फिल्ममेकर मोड’ही बऱ्याच नव्या टीव्हींवर असतो. निम्मं काम इथेच झालं. त्यानंतर कलर टेम्परेचर ‘कूल’वरून ‘वॉर्म’वर. पहिले दोन दिवस घरातले सगळे ओरडले, ‘‘पिवळं दिसतंय!’’ मी म्हटलं, पंधरा दिवस कुणी रिमोटला हात लावायचा नाही. आठवड्यातच ओरड थांबली.

शार्पनेस जवळजवळ शून्यावर आणला. तो वाढवला की चित्र स्पष्ट होत नाही, अक्षरांच्या भोवती नुसती पांढरी कड येते. ‘ब्राइटनेस’ हे नाव फसवं आहे. बऱ्याच टीव्हींवर त्याने काळा रंग किती काळा हे ठरतं, उजेडासाठी ‘बॅकलाइट’ निराळा असतो. काही कंपन्या मात्र उजेडालाच ब्राइटनेस म्हणतात, तेव्हा आपल्याकडे काय हलतंय ते बघून घ्यावं. मी रात्री एक अंधारा प्रसंग लावला आणि नायिकेचे काळे केस डांबरासारखे एकसंध न दिसता बटा वेगळ्या दिसतील तिथे थांबले. काँट्रास्टसाठी कसोटी क्रिकेट लावलं, पांढऱ्या शर्टाच्या चुण्या दिसायला हव्यात. बॅकलाइट खोलीच्या उजेडाप्रमाणे कमी केला. त्याने वीजही कमी लागते.

आणखी एक गोष्ट म्हणजे मोशन स्मूदिंग. टीव्ही दोन चित्रांच्या मधली चित्रं स्वतःच तयार करून घुसवतो आणि मोठा चित्रपटही मालिकेच्या शूटिंगसारखा दिसायला लागतो. 2018 च्या डिसेंबरमध्ये टॉम क्रूझ या नटाने व्हिडिओ काढून ‘हे बंद करा’ असं प्रेक्षकांना सांगितलं होतं. प्रत्येक कंपनीने त्याला वेगळं नाव दिलंय, पण त्यात बहुधा ‘मोशन’ हा शब्द असतो. मी ते बंद केलं. सेटटॉप बॉक्स आणि इंटरनेटवरची अॅप्स यांच्या सेटिंग्ज काही टीव्हींवर वेगवेगळ्या असतात, तेव्हा दोन्हीकडे बघावं लागतं.

एका गोष्टीला मात्र मी हात लावला नाही. लाल-हिरवा-निळा कमी-जास्त करायचा व्हाइट बॅलन्सचा खोल मेनू. मुलाने त्याच मॉडेलचे कुणीतरी दिलेले आकडे पाठवले होते. पण एकाच कारखान्यातल्या दोन पडद्यांतही फरक असतो. दुसऱ्याच्या चष्म्याचा नंबर आपण लावतो का? तिथे यंत्रच हवं.

हे सगळं मोठं का वाटलं, ते सांगते. मी ज्या ज्येष्ठ नागरिकांच्या विरंगुळा केंद्रात जाते, तिथे कुणीतरी टीव्ही भेट दिलाय. त्यावर सारख्या जाहिरातीच्या पट्ट्या यायच्या आणि उजेड कमी केला तरी थोड्या वेळाने आपोआप वाढायचा. आज्या डोळ्यांवर पदर धरून बघायच्या. ‘‘आपल्याला कुठे यातलं कळतं बाई,’’ असं म्हणत सहा महिने काढले. टीव्ही दुकानाच्या, म्हणजे ‘स्टोअर मोड’मध्ये होता. मेनूत जाऊन ‘होम’ निवडलं आणि दोन मिनिटांत काम झालं. तिथे ना यंत्राची गरज होती, ना पुण्याच्या माणसाची. कुणीतरी त्या आज्यांना ‘तुम्हाला काय त्रास होतो?’ एवढं विचारायची गरज होती.

आठवतं का, आपल्या लहानपणी टीव्हीला शटर आणि बटणं असायची. कार्यक्रम सुरू होण्याआधी दूरदर्शनच्या रंगीत पट्ट्या दिसायच्या आणि आई पदराला हात पुसत येऊन बटण पिळून रंग जुळवायची. तिला कुणी तंत्रज्ञ म्हटलं नाही, पण काम व्हायचं. मग बटणं मेनूच्या आत गेली, मेनू रिमोटमध्ये गेला आणि रिमोट घरातल्या पुरुषमंडळींच्या हातात गेला. मिक्सर, वॉशिंग मशीन, मायक्रोवेव्ह आपण बिनधास्त हाताळतो. टीव्हीच्या मेनूला मात्र ‘बिघडेल’ म्हणून घाबरतो. मैत्रिणींनो, बिघडत नाही. फारच चुकलं तर ‘रीसेट’ असतंच.

तेव्हा माझं मत एवढंच : आधी आपला हात, मग गरज उरली तर यंत्रवाला. पैसे त्याला द्यायचेच तर काम काय करणार, किती वेळ लागणार, आधीचे आणि नंतरचे आकडे लिहून देणार का, हे विचारून द्या.

परवा सासूबाई मालिका बघताना म्हणाल्या, ‘‘बरी झाली गं ही मुलगी. चेहऱ्यावर रंग आला.’’ यांनी पेपर खाली ठेवला, थोडा वेळ टीव्हीकडे बघितलं आणि म्हणाले, ‘‘आई, तुझंच बरोबर होतं.’’ सासूबाईंनी ते ऐकलं की नाही कोण जाणे, पण त्या दिवसापासून रिमोट त्यांच्या उशाशी असतो.