जबाबदारी द्या, नेतृत्व घडेल

गावातल्या तरुणांसाठी शिबिरे पुष्कळ होतात. व्यक्तिमत्त्व विकासावर व्याख्यान, प्रमाणपत्र, एकत्र फोटो; आणि दुसऱ्या दिवसापासून सगळे जैसे थे. कारण मुलांवर खरे काम कुणी सोपवतच नाही.

डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला, तो काम करत शिकण्यावर भर देऊन. तिथे मुले-मुली वेल्डिंग, बांधकाम, वीजजोडणी, शेती, पशुपालन शिकतात आणि गावाला त्या सेवाही पुरवतात. कुणाचे फाटक करायचे तर माप घ्यावे लागते, लोखंडाचा हिशेब मांडावा लागतो, दिलेली तारीख पाळावी लागते. जीवनकौशल्ये ती हीच.

नेतृत्वही असेच घडते. वयाची १८ वर्षे पूर्ण झालेला गावचा प्रत्येक मतदार ग्रामसभेचा सदस्य असतो. पण तिथे उभी राहून पाणीपुरवठ्याच्या खर्चावर प्रश्न विचारणारी मुलगी आजही विरळाच. म्हणून सरपंच, शिक्षक आणि कार्यकर्त्यांना कळकळीची विनंती: पुढच्या ग्रामसभेला तरुणांना सोबत न्या, गावाचे एक काम त्यांच्या हाती सोपवा आणि त्याचा हिशेब सर्वांसमोर त्यांनाच मांडू द्या.