72 धबधब्यांची स्विस दरी आणि हिंगण्याचा झिल्पी तलाव: लेकरांना घेऊन पाण्यावर जाताना फरक नेमका कुठे पडतो?

हिरवीगार दरी, दोन्ही बाजूंना उभे कडे, मधोमध लाकडी घरांचं गाव आणि गावाच्या डोक्यावरून खाली झेपावणारा धबधबा. त्यासमोर रंगीत जॅकेट घातलेली दोन लेकरं. ही रील तुमच्याही फोनवर कधी ना कधी येऊन गेली असेल. ती जागा म्हणजे स्वित्झर्लंडमधलं लाउटरब्रुनन. दरीत 72 धबधबे आहेत असं तिथे अभिमानानं सांगितलं जातं. गावावर कोसळणारा श्टाउबबाख धबधबा जवळपास 300 मीटर उंच आहे. युरोप टूरवर जाणाऱ्या मराठी कुटुंबांच्या यादीत युंगफ्राउचं शिखर असतंच आणि त्या वाटेवरच ही दरी लागते.

त्याच रीलखाली हमखास एक कमेंट असते: "आपल्याकडे असं का नाही?"

नागपूरकरांसाठी पावसाळ्यातलं "आपल्याकडे" म्हणजे अंबाझरीचा ओव्हरफ्लो आणि हिंगणा तालुक्यातला मोहगाव झिल्पीचा तलाव. शहराच्या पश्चिमेकडून मोटारसायकलवर तासाभरात जाऊन येता येतं, तिकीट नाही, डबा सोबत नेता येतो. एप्रिल-मेमध्ये 45 अंशांत भाजून निघालेल्या माणसाला जुलैमध्ये पाण्याजवळ जावंसं वाटणारच. त्यात चूक काही नाही. पण याच झिल्पी तलावात 2023 च्या जुलैमध्ये, एका रविवारी फिरायला आलेले तरुण बुडाले. दोन-चार दिवस बातम्या झाल्या आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा गर्दी.

मग स्वित्झर्लंडमध्ये पाणी कमी धोकादायक आहे का? अजिबात नाही. गोष्ट त्याहून जास्त गुंतागुंतीची आहे.

दरीपासून काही किलोमीटरवर, 21 मृत्यू

27 जुलै 1999. लाउटरब्रुननपासून जवळच, इंटरलाकेनजवळच्या साक्सेटबाख या अरुंद ओढ्याच्या घळईत परदेशी पर्यटकांचा मोठा गट उतरला होता. दोराच्या मदतीनं, उड्या मारत, पाण्यातून खाली उतरण्याचा तो खेळ होता. वरच्या डोंगरात वादळी पाऊस झाला आणि घळईत अचानक पाण्याचा लोंढा आला. वाटाड्यांसह 21 जण गेले. बहुतेक विशी-पंचविशीतले.

म्हणजे आल्प्सचं पाणीही वरून न सांगताच येतं. फरक पडला तो त्यानंतर. खटला चालला आणि 2001 मध्ये आयोजक कंपनीच्या लोकांना निष्काळजीपणामुळे झालेल्या मृत्यूंसाठी दोषी ठरवण्यात आलं. पुढे जोखमीच्या खेळांच्या आयोजकांसाठी देशपातळीवरचा कायदा आला. तो 2010 मध्ये संमत झाला आणि 2014 पासून लागू झाला. परवाना, प्रशिक्षित मार्गदर्शक आणि विमा हे सगळं त्यात आलं. पंधरा वर्षं लागली, पण जबाबदार कोण हे कागदावर आलं.

आज त्या दरीत लेकरांना घेऊन जाणारं कुटुंब काय करतं? मुख्यतः बघतं. ट्रुमेलबाख हा तिथला सगळ्यात आडदांड धबधबा. आयगर, म्योंख आणि युंगफ्राउ या तीन शिखरांच्या हिमनद्यांचं पाणी तो वाहून नेतो, भर मोसमात सेकंदाला 20 हजार लिटरपर्यंत. तो डोंगराच्या पोटात आहे. आत जायला बोगद्यातली लिफ्ट, पायऱ्या, कठडे आणि दिवे आहेत. हिवाळ्यात बंद. आणि चार वर्षांखालच्या मुलांना प्रवेशच नाही. (कुत्र्यांनाही नाही, ज्याचं दुःख तिथल्या पर्यटकांना जास्त होतं.) कुणी सातासमुद्रापलीकडून तिकीट काढून आलंय म्हणून तीन वर्षांच्या पोराला आत सोडत नाहीत.

हिमनदीचं पाणी उन्हाबरोबर वाढतं आणि थंडीबरोबर उतरतं, त्यामुळे त्याचा अंदाज थोडाफार बांधता येतो. आपले नाले, ओढे, धबधबे पूर्ण पावसावर. सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी दुपारी छातीएवढं होतं आणि ज्या ठिकाणी ते होतं तिथे कडक ऊन पडलेलं असू शकतं, कारण पाऊस पाच किलोमीटर वर झालेला असतो. खरं तर आपलं पाणी आल्प्सपेक्षा जास्त लहरी आहे आणि त्याच्याभोवतीची व्यवस्था मात्र कमी.

भुशी डॅमवर काय झालं होतं?

30 जून 2024, रविवार. लोणावळ्यात भुशी डॅमच्या मागच्या धबधब्यात पुण्याच्या हडपसरचं एक कुटुंब प्रवाहाच्या मधोमध एका खडकावर अडकलं. एकमेकांना मिठी मारून उभं असलेलं ते कुटुंब आणि मग कोसळलेली ती साखळी, हा व्हिडिओ देशभर फिरला. एक महिला आणि चार मुलं गेली.

ती माणसं पोहायला खोल पाण्यात गेली नव्हती. थोडं पाणी होतं तेव्हा ती तिथे गेली आणि पाणी वाढल्यावर परतीची वाट उरली नाही.

यामागचं गणित साधं आहे. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा धक्का दुप्पट होत नाही, चौपट होतो. जोरात वाहणारं 15 सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम वीतभर पाणी मोठ्या माणसाचा पाय सरकवू शकतं. मोठ्या माणसाच्या गुडघ्याचं पाणी चार वर्षांच्या मुलाच्या कमरेला लागतं आणि त्याचं वजन बापाच्या पाव भागाएवढंही नसतं. वर शेवाळलेला काळा खडक. हात घट्ट धरला असला तरी मुलाला वाचवताना बापाचाही तोल जातो.

दुर्घटनेनंतर पुणे जिल्ह्यात आदेश निघाले: खोल पाण्यात उतरू नका, धोक्याच्या जागी सेल्फी घेऊ नका, संध्याकाळी सहानंतर थांबू नका. असे आदेश राज्यात जवळपास दर पावसाळ्यात निघतात. आधी ते कलम 144 खाली निघायचे. 1 जुलै 2024 पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 163 खाली निघतात. कलम बदललं, पद्धत तीच. मुदत संपली की आदेशही संपतो.

आणि हे पाणी कुणाचं? भुशीचंच बघा. धरण रेल्वेचं, आजूबाजूचं जंगल वनविभागाचं, गाव नगरपरिषदेचं, गर्दी पोलिसांची. सिंचन तलावांचं वेगळं नाही. तलाव पाणी साठवायला बांधलेला असतो, माणसं खेळवायला नाही. त्यामुळे कठडा, दोर, जीवरक्षक यांचा खर्च कुणाच्याच खात्यात बसत नाही. "येथे पोहण्यास मनाई आहे" एवढा फलक लावला की काम झालं.

महाराष्ट्रानं 2021 मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, आयोजकांना नोंदणीही सक्तीची केली. पण रविवारी दोन मोटारसायकलींवर चार मोठी आणि तीन लहान अशी जी मंडळी झिल्पीला निघतात, त्यांचा आयोजक कोण? कुणीच नाही. धोरण त्यांच्यापर्यंत पोचतच नाही आणि पाण्यावर येणाऱ्या गर्दीत अशीच माणसं जास्त असतात.

तलाव शांत दिसतो, म्हणून जास्त फसवतो

धबधब्याची निदान भीती तरी वाटते. तलाव मात्र बशीसारखा दिसतो. काठावर घोटाभर पाणी, चार पावलांवर गुडघाभर, आणि पाचव्या पावलाला तळच नाही. सिंचन तलावाचा तळ सपाट नसतो. जुना नाला आतून गेलेला असतो, गाळ किंवा मुरूम काढलेल्या जागी खड्डे राहतात, पावसाळ्यात पाणी गढूळ असल्यानं यातलं काहीच दिसत नाही. गाळात रुतलेला पाय पोहता येणाऱ्यालाही सोडवता येत नाही. नागपूरच्या भोवती बंद पडलेल्या, पाण्यानं भरलेल्या खदानी आहेत, त्यांचा काठ तर विहिरीसारखा सरळ तुटलेला.

सांडव्याचं पाणी हा आणखी वेगळा प्रकार. तलाव भरून वाहायला लागला की लोक त्याखाली भिजायला जातात. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे नागपुरात काही तासांत 100 मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी ओसंडला आणि ज्या ओव्हरफ्लोसमोर लोक फोटो काढतात त्याच पाण्यानं खालच्या वस्त्या बुडवल्या.

होडीचं आणखी वेगळं. 9 जुलै 2017 ला नागपूरजवळच्या वेणा जलाशयात तरुणांची होडी उलटली आणि आठ जण गेले. बुडण्याआधी होडीतून फेसबुक लाइव्ह सुरू होतं. 14 सप्टेंबर 2021 ला अमरावती जिल्ह्यात वरूड तालुक्यात वर्धा नदीत होडी उलटून 11 जणांचा जीव गेला. त्यात लहान मुलंही होती. दोन्ही घटनांत एकच प्रश्न विचारायला हवा होता: लाइफ जॅकेट कुठे होते?

रील कोणत्या दिवशीची आहे?

सोशल मीडियाला दोष देणं सोपं आहे, पण खरी अडचण बारीक आहे. रीलवर पावसाची नोंद नसते. ऑक्टोबरमध्ये, पाणी उतरल्यावर, कोवळ्या उन्हात घेतलेला व्हिडिओ जुलैमध्ये तुमच्यासमोर येतो. खाली लिहिलेलं असतं, "फॅमिलीसाठी बेस्ट, नागपूरहून फक्त तासभर." ज्यानं टाकला त्यानं खोटं सांगितलेलं नाही. त्या दिवशी ते खरंच होतं.

हवामान खात्याचा इशारा इथे उपयोगी पडतो, पण त्याची मर्यादाही माहीत हवी. यलो, ऑरेंज, रेड हे इशारे जिल्ह्यासाठी असतात. तुम्ही उभे आहात त्या नाल्याच्या वर ढग फुटतोय की नाही, हे ते सांगत नाहीत. ते पाणीच सांगतं: स्वच्छ पाणी अचानक गढूळ होणं, काड्या-पाला वाहून येणं, आवाज जड होणं. यातलं एकही दिसलं की डबा, चपला, मोबाईल तिथेच टाकून लेकरांना उचलायचं आणि वर चढायचं. प्रवाहाच्या कडेनं खाली पळायचं नाही.

मग बंदी हाच उपाय?

बंदी घातली की माणसं पलीकडच्या वाटेनं जातात, जिथे पोलीस तर नसतातच, मदतीला धावणारं गावही नसतं. याला विदर्भातच एक वेगळं उदाहरण आहे. गोंदिया जिल्ह्यात सालेकसा तालुक्यात, दरेकसा रेल्वे स्टेशनजवळ हाजरा फॉल आहे. तिथलं पर्यटन नवाटोला गावची वन व्यवस्थापन समिती बघते. प्रवेशाला पैसे घेतले जातात आणि गावातलीच तरुण मुलं-मुली लक्ष ठेवायला उभी असतात. पाणी वाढलं तर थांबवणारा माणूस जागेवर असतो आणि तो पाणी ओळखणारा असतो. ही स्विस लिफ्ट नाही, पण ट्रुमेलबाखच्या फाटकावर जे घडतं त्याच्या हे बरंच जवळचं आहे. झिल्पीला असं करायला कोट्यवधी लागणार नाहीत. पाच-सहा प्रशिक्षित पोरं, दोर, लाइफ जॅकेट आणि त्यांचा चार महिन्यांचा पगार. तो कोणतं खातं देणार, एवढं ठरवावं लागेल.

दुसरी गोष्ट पोहण्याची. स्वित्झर्लंडमध्ये मुलांसाठी पाण्यातल्या सुरक्षेची एक छोटी परीक्षा असते. काठावरून खोल पाण्यात लोळत पडायचं, एक मिनिट जागेवर तरंगायचं, मग 50 मीटर पोहून बाहेर यायचं. अचानक पाण्यात पडलं तर जीव वाचवता यावा, एवढाच तिचा हेतू. जागतिक आरोग्य संघटनाही शाळकरी वयात हेच शिकवा म्हणते. आपल्याकडे पोहणं म्हणजे उन्हाळी शिबिराची चैन, तीही शहरात. ज्या गावच्या वेशीवर तलाव आहे, तिथली पोरं एकमेकांना बघूनच पाण्यात उतरतात.

संघटनेच्या अंदाजानुसार 2021 मध्ये जगात सुमारे 3 लाख माणसं बुडून मेली आणि त्यातली जवळपास चौथा हिस्सा पाच वर्षांखालची मुलं होती. भारतात वर्षाला सुमारे 38 हजार जण जातात. यातल्या लहानग्यांपैकी बरीच सहलीला गेलेली नसतात, घराजवळच्या डबक्यात, टाक्यात, विहिरीत पडलेली असतात. त्यांचा व्हिडिओ नसतो, म्हणून त्यांची बातमी फिरत नाही.

तरीही जायचंच असेल तर

पाच वर्षांखालचं मूल हाताच्या अंतरावर हवं, नजरेच्या नाही. मूल बुडताना ओरडत नाही. तोंड पाण्याखाली-वर होत असताना आवाज निघत नाही, त्यामुळे "ओरडलं तर कळेल" हा हिशेब चुकतो. हवा भरलेली ट्यूब हे खेळणं आहे, लाइफ जॅकेट नाही. सोबतच्या मोठ्यांपैकी एकानं फोन खिशात ठेवून फक्त मुलांकडे बघायचं, आणि तो दारू प्यायलेला नसावा. हे लिहावं लागतं, कारण तलावाकाठच्या पार्ट्या काही लपलेल्या नाहीत.

कुणी बुडताना दिसलं तर सगळ्यात अवघड काम म्हणजे उडी न मारणं. एकाला वाचवायला दुसरा, दुसऱ्याला वाचवायला तिसरा, असेच एका घरचे किंवा एका ग्रुपचे तीन-चार जण जातात. दोर, ओढणी, साडी, लांब फांदी फेका. झाकण लावलेली पाण्याची रिकामी कॅन माणसाला तरंगत ठेवते, आणि ती प्रत्येक सहलीत असतेच. 112 ला फोन करा, रुग्णवाहिकेसाठी 108. बाहेर काढलेल्या मुलाला उलटं टांगून किंवा पोट दाबून पाणी काढण्यात वेळ घालवू नका. श्वास चालू नसेल तर तोंडानं श्वास द्यायला आणि छाती दाबायला लगेच सुरुवात करा, रुग्णवाहिका येईपर्यंत थांबू नका.