शिक्का आहे, मोर्तब कुठे?

कुठल्याही डिझाइन रिव्ह्यूमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं. "डेटा एनक्रिप्टेड आहे, आता टेन्शन नाही." माझ्या मते आपल्या धंद्यातलं हे सगळ्यात महागात पडणारं वाक्य.

एनक्रिप्शन मजकूर लपवतं. वाटेत तो कुणी बदलला का, हे सांगणं त्याचं कामच नाही. समजा तुम्ही एईएस काउंटर मोडमध्ये वापरलंत आणि आत १००० ही रक्कम आहे. अ‍ॅस्कीमध्ये १ आणि ९ या आकड्यांत फरक फक्त एका बिटाचा! रक्कम कुठे बसली आहे एवढं ठाऊक असलेल्या माणसाने, किल्ली नसतानाही, तेवढा एक बिट उलटा केला की पलीकडे ९००० निघतात. सिस्टीमला पत्ताही लागत नाही.

यासाठी असतो मेसेज ऑथेंटिकेशन कोड, म्हणजे मॅक (नेटवर्क कार्डाचा पत्ता तो वेगळा मॅक :) ). दोघांकडे एकच गुप्त किल्ली. पाठवणारा किल्ली आणि संदेश मिळून एक छोटा टॅग काढतो, घेणारा तोच हिशोब पुन्हा करतो. जुळलं नाही, तर संदेश सरळ फेकून द्यायचा. जीसीएमसारख्या मोडमध्ये हा टॅग सोबतच येतो.

इथवर सगळे माना डोलावतात. मग कुणीतरी हुशारी करतं... किल्ली पुढे, संदेश मागे, सगळ्याचा एमडी५ काढा, झाला मॅक! फ्लिकरच्या एपीआयमध्ये अगदी हेच होतं. २००९ साली थाई डुओंग आणि ज्युलियानो रिझो यांनी ते मोडून दाखवलं. एमडी५ मजकूर ६४-६४ बाइट्सच्या तुकड्यांत घेतो आणि दर तुकड्यानंतर आपली आतली स्थिती पुढे नेतो. शेवटी जे उत्तर बाहेर पडतं ती हीच स्थिती. म्हणजे उत्तर हाती आलं की तिथूनच गाडी पुढे हाकता येते. संदेशाच्या शेपटीला हवं ते जोडा, नवा टॅग तयार. किल्ली लागत नाही, फक्त तिची लांबी लागते, आणि ती अंदाजाने सापडते. शा-२५६ घेतलंत तरी तीच कथा.

आपल्या जुन्या कारकुनांना हे कळत होतं. पेशवाईतल्या पत्रांच्या शेवटी 'लेखनसीमा' असा छोटा शिक्का असे, म्हणजे त्याखाली कुणी ओळ घुसडली तर ती उघडी पडावी. शिक्कामोर्तबातलं मोर्तब ते हेच.

बेलारे, कॅनेटी आणि क्रॉचिक यांनी १९९६ मध्ये मांडलेल्या एचमॅकमध्ये किल्ली दोनदा लागते. आधी किल्ली आणि संदेशाचा हॅश, मग त्या उत्तराला पुन्हा किल्ली लावून दुसरा हॅश. आतलं उत्तर बाहेर दिसतच नाही, मग पुढे हाकणार काय? हे सगळं लायब्ररीत एका ओळीत मिळतं, तरी लोक घरचं बनवतात. असला कोड मी रिव्ह्यूमधून परत पाठवतो. वाद घालत नाही.

टॅग तपासतानाही घोळ होतात. साधी तुलना पहिला वेगळा बाइट दिसला की थांबते, आणि त्या वेळेच्या फरकावरून खरा टॅग एकेक बाइट करत ओळखता येतो. गूगलच्या कीझार लायब्ररीत २००९ मध्ये हीच चूक सापडली होती.

आणि हो, किल्ली दोघांकडे असल्यामुळे टॅग दोघांपैकी कुणीही बनवू शकतो. उद्या दुकानदार आणि पेमेंट गेटवे कोर्टात भांडले, तर तो संदेश नक्की कुणी लिहिला हे मॅकवरून सिद्ध होणार नाही. तिथे डिजिटल सिग्नेचरच हवी. गेटवेवाल्यांच्या डॉक्युमेंटेशनमध्ये मात्र एचमॅकलाही बिनदिक्कत 'सिग्नेचर' म्हटलेलं असतं.