अडथळ्याचा आरोप

गेले वर्षभर एका सरकारी कारणाने आमचे मन अस्वस्थ केले आहे, आणि दिवाळी अंकाच्या पहिल्या पानावर मंगल तेवढेच लिहावे हा संकेत ठाऊक असूनही ती अस्वस्थता दूर सारून लेखणी पुढे सरकत नाही. सन २०२४ च्या सप्टेंबर महिन्यात पश्चिम बंगालच्या परिवहनमंत्र्यांनी असे जाहीर केले की, कलकत्त्याची ट्राम आता बंद करण्यात येईल, एस्प्लनेड ते मैदान एवढा अल्पसा मार्ग तेवढा वारसा म्हणून हौशी प्रवाशांसाठी राखण्यात येईल. कारण शहराच्या क्षेत्रफळात रस्त्यांचा वाटा अवघा सहा टक्के, त्यात ही मंदगती गाडी चालते, आणि तिच्यामुळे वाहतुकीस अडथळा होतो. तेव्हापासून न्यायालयातील सुनावण्यांच्या आणि रुळांवर पडणाऱ्या डांबराच्या वार्ता येत राहिल्या, आणि प्रत्येक वार्तेगणिक आम्हांस हाच प्रश्न पडत राहिला की, जी गाडी दीडशे वर्षे त्या नगरीची वाहतूक करीत आली, तिलाच वाहतुकीचा अडथळा ठरविण्याचा अधिकार कोणी, कोणत्या हिशेबावर आणि कोणाच्या वतीने वापरला?

सरत्या वर्षात लिहिण्यासारखे दुसरे काही घडले नाही असे मुळीच नाही. शिवकालीन दुर्गांची जागतिक वारशाच्या यादीत नोंद झाली. पहिलीपासून हिंदी शिकविण्याचा शासननिर्णय लोकमताच्या रेट्यापुढे मागे घ्यावा लागला. जयंत नारळीकरांच्या निधनाने मराठीतील विज्ञानलेखन पोरके झाले. आणि सप्टेंबरातील अतिवृष्टीने मराठवाड्यातील शेतकऱ्याच्या दिवाळीवर पाणी फिरविले. या सर्व विषयांचा परामर्श पुढील पानांत अधिकारी लेखकांनी घेतला आहे. ही दोन पाने मात्र आम्ही ट्रामसाठी राखून ठेवली आहेत, आणि आमचा वाचक त्याबद्दल आम्हांस दोष देणार नाही याची खात्री आहे.

ट्रामवरील हा खटला एकट्या कलकत्त्याचा नाही. मुंबईकर तो साठ वर्षांपूर्वीच हरून बसलेले आहेत. मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली ती ९ मे १८७४ रोजी: एक मार्ग कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीस जाई, दुसरा बोरीबंदराहून काळबादेवीमार्गे त्याच पायधुणीस पोहोचे. आरंभी भाडे तीन आणे होते. लोकांचा ओढा वाढताच ते दोन आण्यांवर आले. पुढे १९०५ साली वीज आणि ट्राम या दोन्हींचा मक्ता घेणारी कंपनी स्थापन झाली आणि ७ मे १९०७ रोजी विजेची पहिली गाडी महापालिकेच्या कचेरीपासून क्रॉफर्ड मार्केटकडे धावली. १९२० साली दुमजली ट्राम आली. ७ ऑगस्ट १९४७ रोजी, म्हणजे स्वातंत्र्यास आठ दिवस उरले असताना, तो सारा कारभार कंपनीकडून महापालिकेच्या स्वाधीन झाला. आणि लोकांच्या मालकीची झालेली ही ट्राम लोकांच्याच प्रतिनिधींनी पुढच्या सतरा वर्षांत एकेक मार्ग छाटीत संपविली. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदराहून दादरकडे शेवटची गाडी निघाली तेव्हा ती माणसांनी खच्चून भरली होती आणि दुतर्फा निरोपाला गर्दी लोटली होती. परदेशी भांडवलदारांच्या अमदानीत जी वाढली, तिला स्वकीयांच्या राज्यात आसरा मिळू नये, या गोष्टीचा जाब मुंबईने कोणाला विचारल्याचे आमच्या वाचनात नाही.

आमच्या पिढीने ती गाडी बालपणी पाहिली आहे. दादरच्या अखेरच्या थांब्यावर गाडी उभी राहिली की ड्रायव्हर आपला पितळी दांडा काढून हातात घेई आणि शांतपणे डब्याच्या दुसऱ्या टोकाकडे चालू लागे. कंडक्टर खाली उतरून दोरीने वरचा खांब तारेवरून ओढून घेई, अर्धवर्तुळात फिरवून पुन्हा तारेला लावी, आणि त्या क्षणी तारेशी निळसर ठिणगी उडे. गाडीला पाठमोरे व्हावे लागत नसे. तोच डबा, तीच बाके, फक्त पुढचे ते मागचे झालेले. गिरणीचा कामगार, गिरगावातला कारकून, डोक्यावर पाटी घेतलेली भाजीवाली अशी सर्व माणसे थोड्याशा पैशांत त्या लाकडी बाकांवर शेजारी शेजारी बसत. पुष्कळ जण तीत बसत ते ती स्वस्त होती म्हणूनच, आणि जे वाहन गरिबाला परवडते त्याच्या स्वस्तपणाचे रूपांतर जमाखर्चाच्या वहीत तोट्यात होते. वहीच्या त्याच पानावर मोटारीने फुकट अडविलेल्या रस्त्याची नोंद मात्र कोठेही होत नाही.

इतर शहरांचा वृत्तान्त थोडक्यात सांगता येईल. विजेची ट्राम हिंदुस्थानात प्रथम धावली ती मद्रासेस, १८९५ साली. कंपनीचे दिवाळे निघून १९५३ च्या एप्रिलात ती थांबली. कानपूरची १९०७ ते १९३३ अशी जेमतेम पाव शतक टिकली. दिल्लीची १९०८ साली सुरू होऊन १९६३ साली गेली. आणि आपल्या नाशकातही, आजच्या तरुणांस हे खरे वाटणार नाही, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या काळात गावातून नाशिकरोडच्या स्थानकापर्यंत घोडे जोडलेली ट्राम चालत असे. यात्रेकरूंना ती मोठा आधार होती. १९३० नंतरच्या काही वर्षांतच तीही बंद पडली.

उरले ते कलकत्ता. तेथील पहिला प्रयोग १८७३ च्या फेब्रुवारीत सियालदह ते आर्मेनियन घाट असा झाला आणि त्याच वर्षी फसला. १८८० साली लंडनमध्ये नोंदलेल्या कंपनीने तो नव्याने उभा केला, आणि १९०२ साली एस्प्लनेड ते खिदिरपूर वीज आली. १९५३ साली दुसऱ्या वर्गाचे भाडे एका पैशाने वाढविताच सारे शहर रस्त्यावर उतरले, इतकी ती गाडी तेथील सामान्य माणसाच्या जीवनाशी निगडित होती. १९७६ साली शासनाने तिचे राष्ट्रीयीकरण केले. नंतरच्या घटना मात्र बारकाईने पाहण्यासारख्या आहेत, कारण 'अडथळा' निर्माण कसा करतात याचा तो समग्र दस्तऐवजच आहे.

पूर्वी कलकत्त्याच्या अनेक रुंद रस्त्यांवर ट्रामला स्वतःची राखीव जागा होती. मध्यभागी गवताचा पट्टा, त्यात रूळ, आणि बाजूने इतर वाहने. ट्राम कोणाच्या वाटेत येत नव्हती आणि कोणी तिच्या वाटेत येत नव्हते. नव्वदीच्या दशकापासून ते पट्टे उखडण्यात आले, रुळांभोवती काँक्रीट ओतून ती जागा मोटारींना खुली केली गेली. परिणामी ट्राम मोटारींच्या गर्दीत अडकू लागली, म्हणून ती मंद ठरली. प्रवाशाला भर रस्त्यात मोटारींच्या रांगा ओलांडून तिच्यात चढावे लागू लागले, म्हणून ती धोक्याची ठरली. म्हाताऱ्यांनी आणि लेकुरवाळ्यांनी तिच्याकडे पाठ फिरविली, म्हणून ती रिकामी ठरली. मेट्रोच्या आणि उड्डाणपुलांच्या बांधकामासाठी तात्पुरते म्हणून बंद केलेले मार्ग पुन्हा उघडले नाहीत. २०२० च्या मे महिन्यात चक्रीवादळाने खिदिरपूर मार्गाच्या तारा तोडल्या, त्या जोडण्यात आल्या नाहीत. आगारांच्या जमिनींचे तुकडे विकासकांच्या हाती गेले. आणि इतके सर्व झाल्यावर, उरलेल्या दोन मार्गांकडे बोट दाखवून विचारण्यात आले की, आता हिचा उपयोग काय? आधी अन्न तोडायचे आणि मग अशक्तपणाबद्दल शिक्षा द्यायची, या न्यायाला आम्ही न्याय म्हणत नाही.

ट्रामविरोधकांकडे बोलण्यासारखे काहीच नाही असे आमचे म्हणणे नाही. ओल्या रुळांवर दुचाकी घसरते, हे खरे. अरुंद आणि एकदिशा केलेल्या रस्त्यांवर समोरून ट्राम आल्याने गोंधळ होतो, हेही खरे. परंतु रुळांची निगा राखली आणि त्यांच्या कडेचा रस्ता सपाट ठेवला तर घसरण्याचा धोका पुष्कळ कमी होतो, आणि रस्ता एकदिशा करण्याचा हुकूम ट्रामने काढलेला नव्हता. कलकत्ता उच्च न्यायालयाने २०२३ साली या प्रश्नासाठी समिती नेमली, रुळांवर डांबर ओतण्याबद्दल शासनाची कानउघाडणीही केली. ट्रामच्या बाजूने उभे राहणारे नागरिक तेथे आहेत, ही त्यातल्या त्यात दिलासा देणारी गोष्ट होय.

श्यामबाजार ते एस्प्लनेड या मार्गाने आम्ही स्वतः प्रवास केला आहे. विधान सरणीवरून कॉलेज स्ट्रीटला येईपर्यंत गाडी कितीदा तरी थांबली, आणि जेव्हा जेव्हा थांबली तेव्हा समोर रुळांवर एखादी मोटार तिरकी उभी होती, एखादी हातगाडी माल उतरवीत होती किंवा भाडे शोधणारी टॅक्सी घुटमळत होती. ड्रायव्हर पायाखालची घंटा ठणठण वाजवी आणि वाट पाही. रुळांवरची गाडी बाजूने काढता येत नाही, तिला वाट पाहण्यावाचून गत्यंतर नसते. पुढच्या मोटारीत एकच गृहस्थ बसले होते आणि मागे ट्रामच्या दोन डब्यांत चाळीस-पन्नास माणसे खोळंबली होती. शेजारी बसलेले एक वृद्ध शिक्षक खिडकीबाहेर पाहत एवढेच म्हणाले, "ही रोजचीच वेळ आहे, आमचा वेळ कोणी मोजत नाही." अडथळा कोण कोणाला करीत होते, हे त्या चौकात उभ्या असलेल्या शिपायालाही दिसत होते, पण कागदावर आरोपी एकच.

आता आपल्या घरचे. या अंकाची अखेरची पाने छापखान्यात असतानाच मुंबईची भुयारी मेट्रो आरे ते कफ परेड अशी पूर्ण खुली झाली. साडेतेहतीस किलोमीटरांचे ते बांधकाम पाहून अभिमान वाटावा असेच आहे आणि आम्हांस तो वाटतो. परंतु त्याच वर्षी, मे महिन्यात, बेस्टच्या बसचे किमान भाडे पाचावरून दहा रुपयांवर गेले आणि तिच्या स्वमालकीच्या गाड्या वर्षानुवर्षे कमी होत आहेत, हे विसरून कसे चालेल? १९६४ साली ट्रामला ज्या आरोपाखाली हद्दपार केले तोच आरोप आज बसवर ठेवला जात आहे: तोटा आणि अडथळा. भुयारात उतरणाऱ्यास आम्ही जागा दिली. वर रस्त्यावर, घरापासून चार पावलांवर मिळणाऱ्या वाहनास मात्र मोटारींनी उरविलेली जागा. नाशिकसाठी वरच्या तारेतून वीज घेणाऱ्या, रबरी चाकांच्या 'मेट्रो निओ'ची योजना आखण्यात आली. २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तिच्यासाठी २,०९२ कोटी रुपये जाहीर झाले. ती अद्याप दप्तरातच आहे. शतकापूर्वी ज्या गावात घोडे ही सोय पुरवीत होते तेथे विजेला ते साधू नये, याचे कारण यंत्रशास्त्रात शोधण्यात अर्थ नाही. ते रस्त्याच्या वाटणीत आहे, आणि ती वाटणी उघडपणे, सभागृहात, माणसे मोजून व्हावी एवढीच आमची मागणी आहे. ज्या वाहनात अधिक माणसे, त्याला रस्त्यावर अधिक हक्क. हा नियम महापालिकांनी एकदा कागदावर आणावा, म्हणजे पट्टा ट्रामचा की बसचा हा वाद दुय्यम ठरेल.

या वर्षीच्या अंकाचे सूत्र 'वाट' हे आहे, आणि वारीच्या वाटेपासून ऊसतोडणी कामगारांच्या स्थलांतरापर्यंत अनेक वाटांवरचे लेखन त्यात आले आहे. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढून ही प्रथा सुरू केली तेव्हा मुंबईत विजेच्या ट्रामला दोन वर्षे झाली होती, हा योगायोग आम्हांस सुखावून गेला.

कलकत्त्यातले काही मराठी वाचक नेमाने हा अंक मागवितात, आणि सुट्टीत तिकडे जाणारेही अनेक आहेत. त्यांना एक विनंती. वारसामार्गावरच्या सजविलेल्या गाडीत बसू नका. श्यामबाजार किंवा गरियाहाट येथे नेहमीच्या ट्राममध्ये बसा, कंडक्टरकडून तिकीट मागून घ्या, आणि परततानाही तसेच काढा. उद्या न्यायालयात प्रवाशांची संख्या विचारली जाईल तेव्हा ती तिकिटांवरूनच मोजली जाणार आहे.